भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

करवतबाई हे नाव शिकाऊ पोरींनी ठेवलं होतं. जातानाही कापते आणि येतानाही, म्हणून करवत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, थोडंसं आवडतही होतं. एकदा दाराबाहेर कुणीतरी "करवत आली गं" असं कुजबुजलं, तेव्हा त्यांनी दार उघडून शांतपणे सांगितलं की धार टिकवायची तर रोज काहीतरी कापायला लागतं, तेव्हा चुका करत जा, लाजू नका.

त्यांचं काम होतं समुपदेशन शिकणाऱ्यांवर देखरेख ठेवायचं. केंद्र एका ऑफिसांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बहुतेक वेळा बंद, पाण्याचा कूलर गळका, आणि स्वागताच्या टेबलावर प्लास्टिकचं झाड, ज्याला एक शिकाऊ मुलगी वर्षभर पाणी घालत होती. लोक मनाचं दुखणं घेऊन यायचे आणि छोट्या छोट्या खोल्यांत शिकाऊ पोरी त्यांच्याशी बोलायच्या. प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर टिश्यूचा डबा, आणि कोपऱ्यात वर कॅमेरा. आलेल्या माणसाने हो म्हटलं तरच तो चालू करायचा. आठवड्यातून एकदा ती रेकॉर्डिंगं बाईंच्या खोलीत सगळ्यांसमोर लागायची. बाई मध्येच बटण दाबून चित्र थांबवायच्या आणि विचारायच्या, इथे तू का बोललीस. पोरगी गप्प बसलेली असली तर विचारायच्या, इथे तोंड का शिवलं होतंस. एकूण सुटका नव्हती.

बाईंचा राग जगजाहीर होता, पण तो कुठून येतो हे फार थोड्यांना माहीत होतं. बाई खाणवस्तीतल्या. खाण बंद पडून जमाना लोटला, पण शहराच्या टोकाला ती वस्ती अजून आहे. शहराच्या लेखी खाणवाले म्हणजे घुमे, माठ, तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे. बाईंच्या वडिलांसमोर खाणीचं छत कोसळलं होतं. ते वाचले, बरोबरचे वाचले नाहीत. घरी आल्यावर त्यांचं जेवण तुटलं आणि झोप उडाली. कॉलेजात जाणारी ही मुलगी त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. समोर बसलेला डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने वडिलांच्या डोळ्यांत डोळे घालून मायेने विचारलं, कसं वाटतंय. वडील म्हणाले, बरं आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही म्हणाले, बरं आहे. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. त्याच वर्षी ते वारले, आणि शेवटपर्यंत कुणी विचारलं तर बरं आहे म्हणत राहिले.

तेव्हापासून बाईंकडे एकच माप होतं. खाणवस्तीतला माणूस तिसऱ्यांदा येतो का? बाकी पदव्या, कार्यशाळा, भिंतीवरची प्रमाणपत्रं गेली खड्ड्यात. इतक्या वर्षांत तिथून आलेली माणसं दोनदा यायची, बरं आहे म्हणायची आणि नाहीशी व्हायची. प्रत्येक वेळी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि त्या दिवशी जी पोरगी समोर येईल ती भाजून निघायची. संचालक मात्र दर बैठकीत सांगायचे की त्या समाजात उपचाराबद्दल जागरूकता कमी आहे. म्हणजे दुकानदाराने माल सडका ठेवायचा आणि गिऱ्हाईकाला चव नाही म्हणायचं, असं बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या. नवरा वर्तमानपत्रामागून हं म्हणायचा.

अशात एक दिवस लाँड्रीवालीचं रेकॉर्डिंग लागलं.

ही शिकाऊ बाई इतर पोरींपेक्षा वयाने मोठी, दोन मुलांची आई. दुपारपर्यंत दिराच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि मग केंद्रात यायची, म्हणून लाँड्रीवाली. ती खाणवस्तीतली नव्हती. त्या वस्तीत तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं. एकदा परीक्षेत नापास झालेली होती आणि केंद्राचा नियम असा की दुसऱ्यांदा नापास झालं की रामराम. तिच्याकडे खाणीतला एक म्हातारा मुकादम आला होता. त्याच्या बायकोने त्याला ढकलत आणलेलं. आधीच्या पोरीकडे तो दोनदा बरं आहे म्हणून गेला होता, आणि पुन्हा आणला तर लाँड्रीवालीच्या गळ्यात पडला.

पडद्यावर चित्र आलं आणि खोलीत खसखस पिकली. दोन्ही खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या आणि कॅमेऱ्यात फक्त दोन पाठी. एक म्हाताऱ्याची, वाकलेली, आणि एक लाँड्रीवालीची, वेणीसकट. कुणीतरी म्हणालं, बस चुकलेली माणसं वाटतात. बाईंनी मान न वळवता सांगितलं की ज्याला हसायचंय त्याने जिन्यात जाऊन हसावं.

बराच वेळ दोन्ही पाठी नुसत्या बसून होत्या. मग म्हाताऱ्याचा आवाज आला.

"त्या दिवशी पाळी माझी होती. अंग मोडून आलं होतं. धाकट्या भावाला म्हटलं, आज तू जा." लाँड्रीवाली हलली नाही. "हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही."

बाईंनी बटण दाबलं नाही. पोरींनी एकमेकींकडे बघितलं, कारण असं कधी झालं नव्हतं. रेकॉर्डिंग संपेपर्यंत चाललं आणि शेवटी म्हातारा उठता उठता म्हणाला की पुढच्या आठवड्यात याच वेळी येऊ ना.

काय झालंय ते खोलीत फक्त बाईंना कळलं होतं. खाणीत टोपीवर दिवा असतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोललं की उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो, तो आंधळा होतो, आणि तिथे क्षणभर आंधळं होणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून खाणीत माणसं शेजारी उभी राहून समोर बघत बोलतात. तेच घरी आलं. खाणवस्तीत महत्त्वाचं बोलायचं असलं की माणूस शेजारी येऊन बसतो आणि दोघं भिंतीकडे बघत बोलतात. तोंडाकडे बघणं फक्त दोन वेळा, रागवायचं असताना किंवा भांडण उकरायचं असताना. बाईंचे वडील संध्याकाळी त्यांना पायरीवर शेजारी बसवून अंगणाच्या भिंतीशी बोलायचे, आणि आयुष्यात त्यांना जे काही प्रेम मिळालं ते सगळं त्या भिंतीकडे बघत मिळालं. पुढे समुपदेशन शिकताना त्यांच्या मास्तरीणबाईंनी त्यांची हनुवटी बोटाने वर उचलून सांगितलं होतं, नजर चुकवू नकोस. तेव्हापासून त्या बघायला शिकल्या, नंतर शिकवायलाही लागल्या. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण खुर्ची वळवता येते, ही एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती. त्याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी उठून खिडकी धाडकन लावली.

लाँड्रीवाली काहीतरी सांगायला लागली होती. बाईंनी हातानेच तिला थांबवलं आणि म्हणाल्या, "सांगू नकोस. मला सगळं कळलंय."

परीक्षा समितीला मात्र काही कळलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते रेकॉर्डिंग पाहून गुण दिले होते. नजरभेट, शून्य. देहबोली, शून्य. शेरा असा की शिकाऊ समुपदेशक क्लायंटपासून तोंड लपवते. बेरीज नापासात जात होती. म्हणजे लाँड्रीवालीला रामराम, आणि मुकादम पुन्हा कुणातरी तिसरीच्या समोर, डोळ्यांत डोळे, बरं आहे, आणि खेळ खलास. भाऊ गेल्यापासून मनात दाबून ठेवलेलं आत्ता कुठे बाहेर यायला लागलं होतं आणि या शहाण्यांना ते पुन्हा आत ढकलायचं होतं, तेही नियमाप्रमाणे.

समितीसमोर लाँड्रीवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. परीक्षकांनी तिला विचारलं, असं का केलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, तू गप्प बस, मी बघते. आणि मग त्यांनी बघितलं. खाण, दिवा, उजेड, पायरी, अंगणाची भिंत, वडील, डॉक्टर, सगळं काढलं. आवाज कॉरिडॉरभर गेला. पाण्याच्या कूलरशी उभ्या पोरींनी ग्लास खाली ठेवले.

"तुम्ही त्या माणसाला शून्य दिलंय," बाई परीक्षकांना म्हणाल्या, "तिला नाही. तुम्ही त्याला सांगताय की तुझ्या घरची माया आमच्या तक्त्यात बसत नाही, तेव्हा घरी जा आणि मर. माझ्या बापाला हेच सांगितलं होतं. फार गोड आवाजात सांगितलं होतं."

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि गुण बदलले. संचालक तर खूश झाले. बाईंना वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर परवडलं असतं. पण त्यांचे डोळे लकाकले, हे फारच मोलाचं आहे म्हणाले, हे आपण पद्धतशीर करू. लाँड्रीवाली पास झाली, मुकादम येत राहिला, आणि शेवटची खोली खाणवस्तीतल्या लोकांसाठी राखून ठेवली गेली. सफाईवाले खुर्च्या हलवतात म्हणून दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून फरशीला बोल्टने ठोकल्या. आणि संचालकांनी बाईंना विनंती केली की प्रशिक्षणाच्या फायलीत लावायला एक पान लिहून द्या, खाणवस्तीतल्या लोकांशी कसं बोलावं याबद्दल.

बाईंनी ते एका बैठकीत लिहिलं. रागाच्या भरात लिहिलं, आणि अभिमानाच्याही. पहिलंच वाक्य होतं, "खाणवस्तीतल्या माणसाच्या तोंडाकडे बघू नये." लिहून झाल्यावर त्यांनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने चक्क वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकलं आणि झकास म्हणाला. पुढे बाहेरून पाहुणे आले की संचालक त्यांना ती खोली दाखवायचे आणि बाईंना हाक मारायचे. बाई वैतागल्यासारखं करून जायच्या, पण जायच्या. वस्तीतली दोन म्हातारी माणसं तिसऱ्यांदा आली होती. इतक्या वर्षांचं घोडं गंगेत न्हालं असं बाईंना वाटायला लागलं होतं, आणि त्यांचा राग जरा मवाळ झाला होता. पोरींना तर काळजी वाटायला लागली की बाईंची तब्येत बरी नाही की काय.

मग टॉपरचं रेकॉर्डिंग लागलं.

टॉपर म्हणजे त्या वर्षी प्रवेश परीक्षेत पहिली आलेली. हुशार, चुणचुणीत, फायलीतलं प्रत्येक पान पाठ. ती आज स्वतःहून पुढे बसली होती आणि रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर शाबासकी घेण्याची तयारी दिसत होती. लाँड्रीवाली आता केंद्रात नोकरीला लागली होती, तीही मागे बसली होती.

आलेली मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. पत्ता खाणवस्तीचा. टॉपरने पत्ता वाचला आणि तिला थेट शेवटच्या खोलीत नेलं.

पडद्यावर मुलगी दारातच थबकली. तिने विचारलं, या खुर्च्या अशा का. टॉपर म्हणाली, बसा ना, तुमच्यासाठीच केल्यात. मुलगी बसली. थोड्या वेळाने तिने मान वळवून टॉपरकडे बघितलं. टॉपर भिंतीकडे बघत होती. मुलगी बघत राहिली. टॉपर भिंतीकडेच.

"तुम्ही माझ्याकडे का बघत नाही?" मुलगी म्हणाली.

"तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून," टॉपर भिंतीला म्हणाली.

मुलीने मान पुन्हा समोर केली. आता पुन्हा दोन पाठी, आणि त्यातली एक हलायला लागली होती.

"माझी आई गेली ते बाबांनी मला भिंतीकडे बघत सांगितलं," ती म्हणाली. "लग्न मोडलं तेव्हाही ते भिंतीकडेच बघत होते. मी रडतेय की हसतेय हे माझ्या घरात कधी कुणी बघितलेलं नाही. दुकानात लोक औषधाकडे बघतात. अर्धा दिवस रजा टाकून आले. वाटलं, निदान इथे एक माणूस माझ्याकडे बघेल." ती उठली. "भिंत घरीपण आहे."

दार लागलं. टॉपर आणखी थोडा वेळ भिंतीकडे बघत बसली होती, कारण पानात त्यानंतर काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी बटण दाबलं आणि मग असा आवाज चढवला की पलीकडच्या खोलीतली बैठक थांबली. डोकं कुठे गहाण ठेवलंस, म्हणाल्या. ती पोरगी तुझ्या तोंडाकडे बघत होती, तोंडावर विचारत होती, आणि तू पुतळ्यासारखी बसलीस. तुला माणूस दिसतो की नुसता पत्ता दिसतो. आली ती पहिल्यांदाच आली आणि पहिल्यांदाच गेली, तिसऱ्यांदा येणं राहिलं बाजूला. पण टॉपर ती टॉपर होती, पाठांतर पक्कं होतं.

"बाई, तुमच्याच पानात आहे," ती म्हणाली. "पहिलंच वाक्य."

बाईंना स्वतःच्या हनुवटीखाली मास्तरीणबाईंचं बोट आठवलं. तेव्हा एकीने त्यांना सांगितलं होतं की बघ, आता त्यांनी दुसरीला सांगितलं होतं की बघू नकोस. दोन्ही वेळा समोरच्या खुर्चीतल्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. राग आता पोरीवरून निघून कुठे जातोय हे त्यांना कळलं, आणि तो तिथे गेल्यावर फार झोंबला.

त्या मागे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी लाँड्रीवालीला विचारलं, "तू मुकादमांच्या वेळी कसं केलं होतंस?"

लाँड्रीवालीने सांगितलं की मुकादम बसल्या बसल्या खुर्ची थोडी थोडी सरकवायचे. तिला वाटलं खिडकीचं ऊन डोळ्यांवर येतंय. तिने पडदा ओढला, तरी सरकवणं चालूच. मग तिने विचारलं, काका, खुर्ची कशी ठेवू. ते उठले, दोन्ही खुर्च्या स्वतःच उचलून वळवल्या, आणि म्हणाले, बस पोरी.

"आणि दिवा? खाणीतलं ते सगळं?"

"ते मला कुठे ठाऊक होतं, बाई," लाँड्रीवाली म्हणाली. "ते तुमच्याकडूनच कळलं, समितीत. मी सांगायला गेले होते, पण तुम्ही गप्प बस म्हणालात."

बाई तडक संचालकांकडे गेल्या आणि पान फायलींमधून काढून टाका म्हणाल्या. संचालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग त्यांचे डोळे पुन्हा तसेच लकाकले. त्यांनी सुचवलं की पान काढायची काय गरज, आपण आणखी एक पान जोडू. खाणवस्तीतल्या तरुण मुलींसाठी वेगळं. बाईच ते छान लिहितील.

"आणि तिच्या मावशीसाठी तिसरं," बाई म्हणाल्या. "आणि मावशीला ज्या दिवशी डोकं दुखत असेल त्या दिवसासाठी चौथं. साहेब, तुम्हाला एकही माणूस भेटू नये एवढी पानं मी तुम्हाला लिहून देईन. पण मग इथे माणसं कशाला बोलवता? गोदाम उघडा."

त्या बाहेर आल्या, इमारतीच्या वॉचमनकडून बोल्ट काढायचा पाना मागून आणला, आणि पाहुण्यांना दाखवायच्या त्या खोलीत गुडघे टेकून बसल्या. बोल्ट गंजले होते. वॉचमन म्हणाला, द्या मी काढतो. बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो परत जिन्याशी जाऊन उभा राहिला. शेवटचा बोल्ट निघेपर्यंत त्यांच्या दोन बोटांची सालं निघाली होती आणि फरशीत आठ भोकं उरली होती. मग त्यांनी प्रत्येक फायलीतून ते पान स्वतः ओढून काढलं. काही फाटली. बरंच झालं.

मुलीला फोन करायला त्यांनी टॉपरलाच बसवलं. माफी माग, म्हणाल्या, आणि पान माझं होतं हेही सांग, पण बघितलं नाहीस ती तू, तेव्हा स्वतःला त्यातून सोडवू नकोस. टॉपरने रडत रडत फोन केला. पलीकडून मुलगी म्हणाली की सांगता येत नाही, रजा मिळाली तर.

पुढचा आठवडा बाईंनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. दार वाजलं की त्यांचं डोकं वर व्हायचं. कुरिअरवाला आला तर त्यालाही ओरडा बसला. आणि मग एका दुपारी ती आली, दुकानाचा ॲप्रन पिशवीत कोंबलेला, घाईत. बाईंना आत जाऊन स्वतः बसावंसं वाटलं. त्या नाही गेल्या. पोरगी टॉपरकडे आली होती, आणि शिकायचं टॉपरला होतं. त्या आपल्या खोलीत रिकाम्या पडद्यासमोर बसून पेनाचं टोपण चावत राहिल्या.

रेकॉर्डिंग नंतर लागलं. टॉपरने विचारलं होतं, खुर्ची कशी ठेवू. मुलगी म्हणाली होती, समोर. आणि ती बोलली, रडली, आणि सगळा वेळ टॉपरच्या डोळ्यांकडे अशी बघत होती की टॉपरची पापणी लवते का ते तपासत असावी. टॉपरने नजर हटवली नाही. जाताना मुलीने पुढची वेळ मागून घेतली.

आणि ती तिसऱ्यांदा आली.

या वेळचं रेकॉर्डिंग लावताना टॉपरने आधीच सांगितलं की बाई, मला हे नीट समजलेलं नाही. पडद्यावर तिने पुन्हा विचारलं, खुर्ची कशी ठेवू. बाईंना वाटलं, झालं की ठरून, आता कशाला विचारतेस. पण मुलीने स्वतःची खुर्ची उचलली आणि भिंतीकडे वळवून ठेवली. टॉपरही आपली खुर्ची उचलायला गेली, पण मुलीने हाताने थांबवलं.

"तुम्ही नका वळवू," ती म्हणाली. "आज आईचं सांगायचंय. आईचं मला तोंडासमोर सांगता यायचं नाही. मी भिंतीशी बोलते. तुम्ही माझ्याकडे बघा."

आणि तशा त्या बसल्या. मुलगी वस्तीतल्या कुठल्याही माणसासारखी भिंतीकडे बघत बोलत होती, आणि टॉपर बाजूने तिच्याकडे बघत होती. कॅमेऱ्यात मुलीची पाठ आली होती आणि टॉपरचा चेहरा, आणि मुलगी केव्हा रडते ते टॉपरच्या चेहऱ्यावरून कळत होतं. असं बसलेलं बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, ना वस्तीत, ना केंद्रात. त्यांना ती पायरी आठवली, जिच्यावर बसून वडील भिंतीशी बोलायचे, आणि त्या स्वतःही तेव्हा भिंतीकडेच बघत होत्या, चांगल्या मुलीसारखं. मान थोडी वळवून बघितलं असतं तर बापाचा चेहरा दिसला असता.

बाईंचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही. रेकॉर्डिंग संपलं आणि टॉपरने घाबरत विचारलं की बाई, कुठे चुकलं का.

बाई एकदम उसळल्या. खोलीतला टिश्यूचा डबा रिकामा होता, त्या मुलीने ओढणीने डोळे पुसले, ते काय कुणाला दिसलं नाही. डबा भरून ठेवायला काय धाड भरली होती. त्यांचा आवाज फुटत होता, आणि पोरी खाली माना घालून ऐकत होत्या. फक्त लाँड्रीवालीने मान खाली घातली नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाईंनी तिला बघू दिलं.